काठाचा तवा आणि पाण्याचे ताट

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायची तर मी पहिल्याच शब्दाला अडखळतो. मी एक जुना तवा आहे असे म्हणावे, तर तव्याला माझ्यासारखा उभा काठ नसतो. कढई म्हणावे, तर माझा तळ सपाट. शिवाय मला एक लांब दांडा आहे, तो या दोघांनाही नसतो. अलीकडे एका गृहस्थांनी मला 'स्किलेट' म्हटले. मला मान असती तर मी मागे वळून पाहिले असते, की हे दुसऱ्या कोणाला तर हाक मारत नाहीत ना. तेव्हा तुम्ही मला तवाच म्हणा. घरात सगळे तेच म्हणतात.

माझ्या आयुष्यात सांगण्याजोगे फारसे काही नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. आजही थोडेसे वाटते. पण माझ्यावर ज्यांनी उपकार केले, त्यांच्याविषयी कोणीतरी बोलायला हवे, म्हणून धीर करून सांगतो.

माझा जन्म नवी मुंबईत, रबाळ्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथे गंगाराम नावाचा कामगार वाळूचे साचे बनवायचा. मराठवाड्यातल्या एका लहान गावातून तो इकडे आला होता आणि रबाळे गावात गोजराबाईंच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. नुकतेच त्याचे लग्न झाले होते. त्याची बायको रखमा पत्र्याच्या पातळ तव्यावर स्वयंपाक करायची. त्या तव्याला दांडा नव्हता, आणि घाईत तिची बोटे नेहमी भाजायची. ती तक्रार करत नसे, फक्त बोटे कानाच्या पाळीला लावायची. गंगाराम ते पाहायचा आणि काही बोलायचा नाही. तो फारच बुजरा माणूस. फावल्या वेळी वाचनालयातून आणलेले पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचा, आणि त्यातले काही आवडले तरी कोणाला वाचून दाखवायला लाजायचा.

पण त्याने एक लाकडी नमुना कोरायला घेतला. तेल बाहेर सांडू नये म्हणून त्याला काठ ठेवला, बोटे भाजू नयेत म्हणून दांडा ठेवला. मग त्याने मुकादमाला विचारायचे ठरवले, आणि ते विचारायलाच त्याला पावसाळा उलटून जावा लागला. मुकादम हसून म्हणाला, शेवटच्या ओतात जे बीड उरते ते तसेही पुन्हा भट्टीतच जाते, घे की. बीड म्हणजे ओतीव लोखंड. पंपांचे भाग ओतून झाल्यावर तळाशी जे थोडे उरले, त्यातून मी झालो. वाळूच्या अंधारात मी लालभडक शिरलो आणि हळूहळू शांत झालो. गंगारामने घाई केली नाही. मी पूर्ण थंड झाल्यावरच त्याने साचा फोडला. तरी वाळूचा एक खडा कुठून तरी घुसला होता, त्यामुळे माझ्या दांड्याच्या मुळाशी एक खळगा राहून गेला. तो खळगा पाहून गंगारामचा चेहरा पडला. ओतणाऱ्याचा स्वभाव ओतात उतरतो, असे जुने ओतारी म्हणतात. खरे-खोटे मला ठाऊक नाही, पण स्वतःविषयीची शंका मला बहुधा तिथूनच मिळाली.

घरी आल्यावर रखमाने मला दोन्ही हातांनी उचलून पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात भाकरी कशी उलथायची? काठ आडवा येतोय की."

गंगाराम जमिनीकडे पाहत राहिला. भाकरीचा विचारच त्याने केला नव्हता. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होते, त्या घरासाठी त्याने भाकरी न होणारा तवा ओतला होता. रखमाने त्याचा चेहरा पाहिला. मग तिने माझ्या दांड्यावर मूठ घट्ट केली. तिचा अंगठा नेमका त्या खळग्यात बसला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मासे बरे भाजतील. आणि हात बसायलाय चांगला."

त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

भाकरीसाठी पत्र्याचा तवा कायम राहिला, पण बाकी सगळे माझ्याकडे आले. शेंगदाणे, सुके बोंबील, बटाट्याचे काप, रविवारी मटणाचे सुके. खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या आगरी. त्या कधी मासळीचा वाटा घेऊन वर यायच्या, आणि रखमा भाजत असताना दारात बसून गप्पा मारायच्या. एकदा त्यांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाल्या, "रखमा, तवा लय गुनाचा हाय गो तुझा. दिसाला काला, पन गुनाचा." मी काळाच होतो. रखमा मला कधी राखेने घासत नसे, पुसून तेलाचा हात फिरवायची. त्यामुळे माझ्या अंगावर एक गुळगुळीत काळा थर बसला होता. तो थर हेच माझे सगळे शिक्षण, मित्रांनो. त्यावर काही चिकटत नाही.

आता त्या ताटाविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे झाले.

ते स्टीलचे ताट रखमाच्या लग्नातले. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'रखमा गंगाराम' असे नाव कोरलेले होते. रखमा माझ्यात काहीही शिजत घातले, की ते ताट माझ्यावर झाकायची आणि ताटात तांब्याभर पाणी ओतायची. खालच्या वाफेने पाणी तापते, वरच्या पाण्याने वाफ आत राहते, पदार्थ करपत नाही, आणि रस्सा वाढवायचा झाला तर गरम पाणी हाताशी असते. तिच्या आईने असेच केले होते, आजीनेही. तुमच्याही घरी कोणीतरी करत असेल. ताट आणि मी, आम्ही फारसे बोलत नव्हतो, पण वर्षानुवर्षे एकमेकांची वाफ सोसली होती.

मग माझे वाईट दिवस आले. वाईट म्हणावे का, याची मला शंका आहे, कारण मला कोणी वाईट वागवले नाही. कारखान्याने एका दिवाळीला कामगारांना न चिकटणारे नवे पॅन भेट दिले. ते हलके, गुळगुळीत आणि देखणे होते. रखमाचा खांदा तोवर दुखू लागला होता, आणि माझे वजन तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो. मी आधी ओट्याखाली गेलो, मग गॅलरीत. तिथे कोरफडीच्या कुंडीतले पाणी खाली गळायचे, म्हणून मला कुंडीखाली ठेवले. माझा काठ तेव्हा सगळ्यांना फार सोयीचा वाटला. पाणी साचायचे, आटायचे, पुन्हा साचायचे. माझा काळा थर गेला आणि तांबूस गंज चढला. गंगाराम सेवानिवृत्त झाला. रोज सकाळी तो गॅलरीत वाचायला बसायचा. पुस्तकाच्या वरून कधी कधी त्याची नजर माझ्यावर पडायची आणि तिथेच थांबायची. पण मला तिथून काढायला त्याने कोणाला सांगितले नाही.

त्या घरात संघमित्रा नावाची मुलगीही होती. रखमा-गंगारामची एकुलती एक. मी तिला लहानपणापासून ओळखत होतो. माझ्यातले भाजलेले शेंगदाणे गरम असतानाच उचलायची आणि फुंकत फुंकत पळायची. ती मोठी झाली, तिने स्वयंपाकाचेच शिक्षण घेतले, आणि एक दिवस घरात सांगितले, की तिला मालवाहू जहाजावर खानसामा व्हायचे आहे. उरणकडे द्रोणागिरीजवळ एक संस्था होती, तिथून परीक्षा पास झाले की जहाजावर नेमणूक मिळत होती.

 उरणच्या बाजूला गेली, की रखमा खाडीच्या पुलावरसुद्धा डोळे मिटून घ्यायची. आणि आता पोरगी महिनोन्महिने पाण्यावर राहणार. पण तिने नाही म्हटले नाही. आधी पास तर हो, एवढेच म्हणाली. गंगाराम म्हणाला, "समुद्रावर वाचायला वेळ मिळत असेल," आणि लगेच आपण काहीतरी चुकीचे बोललो अशा नजरेने बायकोकडे पाहू लागला.

संघमित्रा पास झाली नाही. वरण, भात, सूप, पाव, सगळे तिला उत्तम जमले. ती अडकली एका पदार्थापाशी. मांसाचा जाड काप आणि बटाटे, दोन्ही एकाच भांड्यात, झटपट. समुद्र खवळलेला असताना शेगडीवर जितकी कमी भांडी तितके बरे, आणि दमून आलेल्या खलाशांना पटकन पोटभर जेवण हवे, म्हणून हा पदार्थ परीक्षेत ठेवलेला होता. परीक्षक श्यामसुंदर सरांनी तिचा काप सुरीने कापायचा प्रयत्न केला. सुरी घसरली. आतून तो राखाडी आणि चिवट झाला होता. हे मांस भाजलेले नाही, वाफवलेले आहे, असे ते म्हणाले. आता आणखी एकदाच संधी मिळणार होती. ती गेली, की संस्थेचे दार बंद.

हे सगळे मला कळले, कारण ती घरी आल्यावर गॅलरीतच येऊन बसली. वडील पुस्तक वाचत होते. ती म्हणाली, "पप्पा, मांस टाकलं आणि मला कळलंच नाही, मी वर ताट झाकलं. त्यात पाणी पण ओतलं. हात आपोआप गेला."

गंगारामने पुस्तक मिटले. नवे भांडे आणायला हवे, जड, बिडाचे, सरांनीच तसे सुचवले आहे, असे ती पुढे सांगत होती. तेव्हा तो उठला, कोरफडीची कुंडी बाजूला केली आणि मला उचलले.  गंजामुळे संघमित्राने मला ओळखले नाही. तिने विचारले, की ही कुंडीची थाळी ना.

"हा तवा आहे," गंगाराम म्हणाला. "मी ओतलेला."

मित्रांनो, इतक्या ठामपणे बोलताना मी त्याला आधी ऐकले नव्हते.

विटेच्या तुकड्याने आणि काथ्याने त्याने माझा गंज उतरवला. धुऊन लगेच कोरडे केले, तेल चोळले, मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवले, पुन्हा तेल, पुन्हा आच. घर धुराने भरले. गोजराबाई धापा टाकत वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय पेटवलाव काय माजी बिल्डिंग?" मग मला शेगडीवर पाहून त्यांनी ओळखले, आणि एवढे दिवस हा म्हातारा होता कुठे, असे विचारले.  रखमाने खिडकी उघडली आणि पदराने धूर बाहेर लोटू लागली.

सराव सुरू झाला. कसायाकडून संघमित्रा बकऱ्याच्या मांडीच्या चकत्या आणायची आणि वरवंट्याने हलकेच चेचायची. पण काप माझ्यावर टाकला, की रखमाची घालमेल सुरू व्हायची. ती आधी मांस तीन पाण्यांनी धुऊन ओलेच ठेवायची, त्यामुळे ते माझ्यावर पडले की नुसते पाणी सुटायचे. पुढे संघमित्रा फोन घ्यायला वळली, की रखमा उलथने घालून कडा सैल करायची, आच बारीक करायची आणि ते ताट आणून झाकायची. तांब्या तर तिच्या हातातच असायचा. संघमित्रा वळून पाही, तोवर माझ्या पोटात वाफ कोंडलेली असे. पुन्हा राखाडी. पुन्हा चिवट.

रखमा हे मुलीला नापास करण्यासाठी करत होती का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. एक दिवस संघमित्राने तो विचारलाच. आवाज न चढवता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "आई, मी जाऊ नये असं वाटतंय ना तुला? मग सरळ सांग. असं ताट नको झाकूस."

रखमाने तांब्या खाली ठेवला. माझ्या बाजूला ओट्याला टेकून ती म्हणाली, "लाल पाणी सुटायलं होतं त्याच्यातून. लोकांला कच्चं घालशील, तुला नाव ठेवतील." मग म्हणाली, "आमच्या वाट्याला मऊ मांस कधी आलंच नाही, बाई. जे यायचं ते दगडावानी. माझी आजी सांजपासून शिजवायची ते, पाणी ठेवून ठेवून. ताट काढलं असतं तर लेकरं उपाशी निजली असती."

मग ती खाली गोजराबाईंकडे निघून गेली. संघमित्रा माझ्याकडे पाहत उभी राहिली. मला त्या वेळी काही करता आले असते तर मी केले असते.

दुसऱ्या दिवशी तिने एकटीने करून पाहिले. रखमाच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने मांस टिपून कोरडे केले. मला चांगले तापू दिले. काप टाकला, झाकला नाही. चुर्र असा आवाज झाला, तो मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. पण तिलाही धीर धरवेना. तिने लगेच तो उचलायला उलथने घातले आणि काप माझ्या तळाला चिकटून फाटला. मला फार वाईट वाटले. माझा नवा थर कच्चा आहे, मी आता पूर्वीचा राहिलो नाही, हे मी मनात मान्य करून टाकले.

गंगाराम दारात उभा होता. तो म्हणाला, "साचा लवकर फोडला की ओत तडकतो. थांब की जरा. झालं की ते स्वतःच सुटतं."

पुढच्या वेळी तिने हात पाठीमागे बांधून घेतले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मांसाने मला घट्ट धरले होते. मग त्याचा तळ खरपूस होत गेला, तसतशी त्याची पकड सैल झाली, आणि एका क्षणी ते माझ्यावर नुसते टेकून राहिले. तिने उलथने लावले, काप अलगद आला. खाली सुरेख तपकिरी रंग. मांस जमले. पण बटाटे? तेही उघड्यावरच परतले होते. वरून करपले, आतून कच्चे. तिने एक फोड चावली, ती दाताखाली कचकचली, आणि तिला हसू आले. जिना उतरून ती खाली गेली.

दारात उभी राहून तिने काय म्हटले ते गोजराबाईंनी नंतर वर येऊन सगळ्यांना सांगितले, म्हणून मला माहीत आहे. ती म्हणाली, "आई, बटाटे कच्चे राहतात. तुझं ताट लागतंय."

रखमा वर आली. तिने बटाट्याच्या फोडी माझ्यात पसरल्या, मीठ घातले, ताट झाकले, ताटात पाणी ओतले. थोड्या वेळाने फोडी आतून लोण्यासारख्या झाल्या होत्या. मग संघमित्राने ताट काढले, पाणी ओतून दिले, आच वाढवली, आणि बटाटे उघड्यावर खरपूस केले. ते वाडग्यात काढून त्याच तेलात काप भाजला. बटाटे पुन्हा माझ्यात आले, पुसलेले ताट उताणे माझ्यावर बसले, आणि भाजलेला काप त्या कोमट ताटात विसावला. त्यातून जे लाल पाणी निथळले, ते तिने शेवटी बटाट्यांवर ओतले. रखमाने पाहिले, तोंड वाकडे केले, एक फोड उचलून खाल्ली. दुसरी उचलली. मग म्हणाली, की मीठ कमी आहे.

त्या संध्याकाळी चौघांनी माझ्यातलेच खाल्ले. चौथ्या गोजराबाई. त्यांना वाटा द्यावाच लागला, कारण त्या जागच्या उठेचनात.

परीक्षेला उमेदवाराला स्वतःचे भांडे आणायची मुभा होती. संघमित्राने मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि ताट माझ्यावर ठेवले. संस्थेच्या स्वयंपाकघरात चकचकीत पॅनची रांग होती. त्यांच्यामध्ये मी म्हणजे लग्नात चुकून आलेला पाहुणा. श्यामसुंदर सर माझ्यापाशी थांबले, वाकले, आणि तिथेच त्यांनी मला 'स्किलेट' म्हटले. मग त्यांना ताट दिसले.

"मागच्या वेळची तूच ना?" ते म्हणाले. "आणि पुन्हा ताट?"

"सर, हे बटाट्यांसाठी आहे," संघमित्रा म्हणाली. तिचा अंगठा माझ्या खळग्यात घट्ट होता.

बटाटे झाले. वेळ आली ती मांसाची. काप कोरडा करून तिने माझ्यावर टाकला आणि हात पाठीमागे बांधले. शेजारी तांब्या होता. बाजूचे उमेदवार काप उलटत होते, दाबत होते, पुन्हा उलटत होते. सर तिच्यासमोर उभे राहिले. थोडा धूर झाला. तिच्या पाठीमागे बोटे एकमेकांत आवळली गेली, हे मला दिसले नाही, पण तिच्या श्वासावरून कळले. खरे सांगायचे तर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. कुंडीखाली इतकी वर्षे काढलेला मी. मांसाने मला धरले होते आणि ते मला सोडत नव्हते. ते फाटले, तर ती माझ्यामुळे नापास होणार होती. ज्या माणसाने मला ओतले, त्याच्या मुलीला मीच बुडवणार होतो. माझ्या हातात काहीच नव्हते. मी फक्त तापत राहू शकत होतो, सगळीकडे सारखा. तेवढे मी केले.

आणि ते सुटले. अगदी हलकेच. तिला ते आवाजावरून समजले. चुरचुर जरा मऊ झाली. तिने उलथने लावले.

शेवटी सरांनी तिचा काप कापला. सुरी सरळ खाली गेली. आत गुलाबी, कडेला तपकिरी. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग बटाट्याची फोड. मग आणखी एक फोड, जी परीक्षेसाठी खायची गरज नव्हती. त्यांनी ताट उचलले, काठावरचे ठिपके वाचले आणि विचारले, की हे कोण.

"आई आणि पप्पा."

"झाकायचं कधी आणि उघडायचं कधी," सर म्हणाले, "एवढंच असतं बघ सगळं." आणि पुढच्या उमेदवाराकडे गेले.

ती पास झाली. काही दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. घरात सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि रखमाने स्वतः मला कागदात गुंडाळून बॅगेशेजारी आणून ठेवले. हा तवा घेऊन जा, तुझ्या हाताला बसला आहे, असे ती मुलीला म्हणाली. मी मनातून समुद्राला निघालोही होतो. पण संघमित्राने मला कागदातून बाहेर काढले आणि परत ओट्यावर ठेवले.

"तिकडे पॅन भरपूर आहेत, आई. हा राहू दे तुमच्याकडे. पप्पा रोज बघतील त्याला." मग तिने ते ताट उचलले, लुगड्याच्या फडक्यात बांधले आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवले. "हे मात्र नेते."

रखमाने ताट परत मागितले नाही. फडक्याची गाठ तेवढी सोडून पुन्हा नीट बांधली.

आता मी ओट्यावर असतो, खिडकीपाशी. कुंडीखाली प्लास्टिकची थाळी आली आहे. ती तिथे आनंदात आहे असे मला वाटते, पण मी विचारलेले नाही. दोघांचाच स्वयंपाक, त्यामुळे रखमा पुष्कळदा सगळे माझ्यातच उरकते. खांदा दुखतो, म्हणून मला उचलायचे काम गंगाराम करतो. तो आजकाल माझ्या शेजारी स्टूल टाकून बसतो आणि पुस्तकातले आवडलेले रखमाला वाचून दाखवतो. ती ऐकत नाही असे दाखवते.

मित्रांनो, मला कोणी उपदेश करायला बोलावलेले नाही. तरी एक मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने बिडाचे भांडे असेल, तर त्याला ओले ठेवू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि मुख्य म्हणजे त्याला कामाला लावा. तुम्ही थोडे वापरलेत, की ते पुष्कळ देते. गंज चढला असेल तरी टाकू नका. गंज वरवरचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो. आणि ज्याने ते पहिल्यांदा घरात आणले, तो कोपऱ्यात गप्प बसलेला असेल, तर त्याला एकदा विचारा, हे कुठून आले. त्याला सांगायचे असते.

काल संध्याकाळी रखमाने मटणाचा काप माझ्यावर टाकला. सवयीने तिचा हात मांडणीवर गेला, त्याच जागी. तिथे दुसरी ताटे होती, ते नव्हते.  मग तिने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने तो पाठीमागे धरला, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

गंगारामने पुस्तकातून मान वर करून विचारले, झाले का.

"थांबा," ती म्हणाली. "सुटंल त्याचं त्याचं."

आणि मी तापत राहिलो, सगळीकडे सारखा.